करगोट्याखालची खपली

नाशिक,
२७ ऑक्टोबर २०२४

रंजनाताई यांस,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही. शिवाय तुमचा नंबर मी बंद करून ठेवला आहे आणि तो उघडायची इच्छा नाही. वामनची जीप खोडाळ्याहून नाशिकला ये-जा करतेच, त्याच्या हाती हे देते. तो उघडून वाचणार नाही एवढा भला माणूस आहे.

तुमचा भाऊ इथे हॉस्पिटलात आहे. दसऱ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे राहून जव्हारला आला तेव्हा ठीक होता, उलट चेहऱ्यावर थोडं तेज आलं होतं. नंतर एके दिवशी शाळेत शिकवून आला तो थंडीने कुडकुडत. रक्ताच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला की घरी थांबायचं नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत बजावून ठेवलं आहे. औषधाने कॅन्सरच्या पेशी मरतात तशा शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. मग साधा जंतूसुद्धा पाटलासारखा घरात शिरून बसतो. मी त्याच संध्याकाळी गाडी करून इथे आणलं. तेव्हापासून सलाईनमधून भारी भारी औषधं चालू आहेत. ताप उतरत नाही, बराच वेळ तो ग्लानीतच असतो.

आता मुद्द्याचं. काल त्याचं अंग पुसताना मी कमरेचा करगोटा बाजूला केला. त्याच्या खाली, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढा काळाठिक्कर डाग. वर कोरडी खपली, भोवती लाल कडं. विडीचा चटका दिल्यासारखा.

ताई, मी जव्हारची आहे, नागपूरची नाही. असा डाग कशाचा असतो ते मला कुणी शिकवायला नको. त्याच्या पोटावर डाव्या बरगडीखाली लहानपणचे तीन डाग आहेतच. पोटातली पांथरी, प्लीहा, वाढली म्हणून तुमच्या बापाने भगताकडून तापल्या सळईने दिलेले. आणि जून महिन्यात, केमोने पांथरी उतरत नाही म्हटल्यावर, माझ्या घरात माझ्याच आईसमोर तुम्ही म्हणालात, गावच्या नवशाकाका भगताकडून एक डाग देऊन बघायला काय जातं. मी तेव्हा उठून आत गेले होते. आता वाटतं, बसायला हवं होतं आणि तुम्हाला बाहेर काढायला हवं होतं.

मी दर वर्षी आश्रमशाळेत पालकांना गोळा करून सांगते की पोरांना डागू नका. आणि माझ्याच नवऱ्याच्या अंगावर ताजा डाग. नर्सने विचारलं, हे काय. मी म्हटलं, गरम उलथन्याचा चटका बसला. वर मलम लावून पट्टी केली. मी खोटं बोलले ते तुमच्यासाठी नाही. उद्या त्याला शुद्ध आल्यावर त्याच्या बहिणीचं नाव पोलिसांत गेलेलं त्याला बघवणार नाही म्हणून.

डाग कुणी दिला आणि त्यावर काय लावलं, राख की झाडपाला, एवढंच लिहून कळवा. तुमची बाजू मला नको आहे.

नीता


खोडाळा,
२९ ऑक्टोबर

नीतास,

काल वाघबारस होती. गुराख्यांचा दिवस, गोड खायचा दिवस. तुझं पत्र वामनने नेमकं तेव्हा आणून दिलं. वाचून घडी केलं, पुन्हा उलगडलं. मी सातवी शिकलेली बाई, तुझ्यासारखं बीएड नाही. पण शिव्या न देता शिव्या कशा द्यायच्या ते तुझ्याकडून शिकावं.

माझ्या बापाला मध्ये आणलंस ते चांगलं केलंस. तो मेलाय, उत्तर द्यायला येणार नाही. तुषारला डाग दिले तेव्हा तो दोन वर्षांचा होता, पोट नगाऱ्यासारखं झालेलं, मोखाड्याला डॉक्टर नव्हता आणि होता तो रजेवर होता. बापाने जे हाताशी होतं ते केलं. पोर जगलं म्हणून तू त्याची बायको झालीस, हे विसरू नकोस.

जूनमध्ये मी बोलले हे खरं. बोलले, नाकारत नाही. भाऊ वाळत चाललेला बघून माणूस काहीही बोलतं. पण बोलणं आणि करणं यात फरक असतो, हे मास्तरणीला मी सांगायचं का?

मी त्याला कुणाकडे नेलं नाही. नवशाकाकाच्या दारावरूनसुद्धा नाही. तू सांगून पाठवलंस ते सगळं केलं. पाणी उकळून दिलं. मच्छरदाणी लावली. शेजारपाजारच्यांना लांबूनच बोलायला लावलं, त्यांना राग आला तरी. तो आला तेव्हापासून गेला तोवर ओट्यावरून खाली उतरला नाही. शेताचं तोंड पाहिलं नाही. एवढी राखण मी माझ्या नवऱ्याची केली असती तर तो आज असता.

डाग असेल तर तुझ्या घरचा असेल. तुला सकाळी शाळेची घाई, एका हातात उलथनं, एका हातात मोबाईल. नर्सला सांगितलंस तेच खरं असेल, विचार करून बघ.

ताप किती आहे ते लिहिलं नाहीस. एवढं मोठं पत्र आणि त्यात तेवढंच नाही. बोलतो का? काही खातो का? त्याला भाकर नको म्हणाला तर नागलीची आंबील ताकात करून दे. तेवढं तरी लिही. बाकी तुझी भाषणं तुझ्या पोरांसाठी ठेव.

रंजना


नाशिक,
३१ ऑक्टोबर

रंजनाताई यांस,

ताप एकशे तीन. कधी चार. आंबील ताकात करून द्यायला तो आता तोंडाने काही घेत नाही. काल त्याला आयसीयूत हलवलं. लघवी कमी झाली आहे, मूत्रपिंडं थकली आहेत, श्वास लागतो. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. औषधं तीनदा बदलली. बुरशीचं म्हणून एक चालू केलं, तेही चाललं नाही. कशाने ताप आहे हेच सापडत नाही, असं डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाले. दिवाळी आहे म्हणे बाहेर. इथे काचेतून काही दिसत नाही.

सकाळी मोठे डॉक्टर आले. मला बाजूला बोलावून विचारलं, पेशंट इतक्यात शेतात, गवतात, जंगलात कुठे गेले होते का, गुराढोरांत बसले होते का. तुमचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मी म्हटलं, नाही, बहिणीकडे गेले होते पण ओट्यावरून उतरले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तुमच्या पत्रातली एक तरी ओळ कामाला आली म्हणा. त्यांनी मग तो विषय सोडला.

आता तुमच्या दुसऱ्या ओळींचं. आयसीयूत नेण्याआधी तो थोडा भानावर होता. मी करगोट्याजवळ हात ठेवून विचारलं, हे कुणी केलं. त्याने माझा हात धरला. म्हणाला, “आक्काला काय बोलू नको. तिची चूक नाय. मीच तिला सांगितलं, मना ने.”

मना ने. मला घेऊन जा. कुठे, हे मी विचारेपर्यंत पुन्हा डोळे मिटले. विचारायची गरजही नव्हती. म्हणजे त्याने हट्ट केला आणि तुम्ही त्याला भगताकडे नेलंत. मरणाच्या भीतीने तो काहीही मागेल, पण नाही म्हणायला तुम्ही मोठ्या होतात ना? तुम्हाला त्याला कशालाच नाही म्हणता आलेलं नाही. लाड म्हणतात त्याला, प्रेम नव्हे.

मी आता गप्प बसणार नाही. माझ्या शाळेतले दोन सहकारी अंधश्रद्धेच्या विरोधात काम करतात. त्यांना मी नवशाचं नाव दिलं आहे. आधी वाटत होतं तुमचं नाव झाकावं. आता वाटत नाही. तुषारचं बरंवाईट झालं तर खोडाळ्याच्या बाजारात तुम्हाला मान वर करून चालू देणार नाही, हे माझ्या हस्ताक्षरात लिहून देते.

नीता


खोडाळा,
२ नोव्हेंबर

नीता,

तुझे दोन मास्तर येऊन गेले. ऐन दिवाळीत. नवशाकाका अंगणात दोरी वळत बसला होता. एकाने मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला, दुसरा विचारायला लागला, किती माणसं जाळलीस आजवर. काकाला ऐकू कमी येतं. त्याला वाटलं सरकारी योजनेचा फोटो काढतायत, तो हसला. तो हसतानाचा व्हिडिओ आता मोखाड्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. खाली लिहिलंय, कॅन्सरच्या पेशंटला डागणारा भगत बघा कसा हसतोय. संध्याकाळी त्याच्या नातीने त्याला तो दाखवला. तेव्हापासून म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलाय, जेवत नाही.

नवशाकाका दसऱ्याच्या आधीपासून दाभोशाला होता, मुलीकडे. तिची सासू मेली म्हणून गेलेला. परवा परत आला. माणूस दाभोशात बसून खोडाळ्यातल्या माणसाला डागतो, असं कुठल्या पुस्तकात शिकवतात?

आता ऐक. हे तुझ्यासाठी लिहीत नाही. त्या म्हाताऱ्यासाठी लिहिते.

तुषार ओट्यावरून उतरला होता. मी तुला खोटं लिहिलं.

आपल्याकडे नवं असतं ते तुला ठाऊक आहे, तुम्ही जव्हारवाले दुकानातला तांदूळ खाता म्हणून विसरला असाल. घरच्या पुरुषाने खळ्यावर बसून नवी कणसं कणसरी देवीला दाखवायची, पहिला नवा भात त्याने खायचा, मगच घरात बाकीच्यांच्या पानात तो पडतो. आमच्या घरात पुरुष म्हणजे आता तुषारच. लवकर पिकणारा हळवा भात कापून खळ्यावर आला होता आणि मी जुना तांदूळ शिजवत होते. त्याने पान बघितलं आणि ओळखलं. मी काही बोलले नव्हते. म्हणाला, “आक्का, नवं झाला नाय ना अजून? मग मना ने की खळ्यावर. मी काय मेलोय का?” ते मेलोय का म्हणाला त्यावर मी काय बोलू? नेला.

छत्री धरून नेला. त्याने सगळं केलं, नीट केलं, बापासारखं. पळसाच्या पानावर भात खाल्ला, दोनदा मागून घेतला. मग दमला. शेजारची भागी आणि मी बांधावरचं गवत कापत होतो, ओल्या गवताचा ढीग होता सावलीत. त्यावर आडवा झाला, सदरा वर करून, लहानपणी झोपायचा तसा. गाढ झोपला. तुझ्याकडे तो रात्र रात्र जागा असतो, असं तोच सांगत होता. असा झोपलेला मी त्याला आजार कळल्यापासून पाहिला नव्हता. ऊन उतरलं तरी मी उठवला नाही. भागीलाही बोलू दिलं नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, नीताला नको सांगू, पुन्हा पाठवायची नाही. मला तेच वाटत होतं. म्हणून लिहिलं नाही.

आणि डागाचं. भागीच्या काखेत तसाच डाग आहे. तू लिहिलास तसाच, काळी खपली, लाल कडं. ती त्याच ढिगावर बसून भाकर खात होती. आता तापाने फणफणलीय, डोकं फुटतंय म्हणते. तिला कुणी डाग दिला? मी तिला विचारलं, दुखतो का. तर म्हणे, “नाय ग, तो हाय हे पण कालपरवा कळला.” भाजलेलं दुखतं, नीता. लपत नाही. तुषारला विचार, दुखतो का. नाहीतर पट्टी काढून तूच बोटाने दाबून बघ.

त्या गवतात काही किडाबिडा असेल, मला काय कळतं. मला एवढंच कळतं की नवशाकाकाने काही केलं नाही. तो व्हिडिओ काढायला लाव. वामनला सांगितलंय, पत्र तुझ्या हातात द्यायचं, दारावरच्या माणसाकडे नाही. तू वाचेपर्यंत तो तिथेच उभा राहणार आहे.

रंजना


नाशिक,
६ नोव्हेंबर

रंजनाताई यांस,

वामन खरंच उभा राहिला. पार्किंगमध्ये, जीपला टेकून, माझ्या तोंडाकडे बघत. मी पत्र शेवटपर्यंत वाचलं नाही. गवताच्या ढिगापर्यंत आले आणि धावत वर गेले.

मोठ्या डॉक्टरांना तुमचं अक्षर वाचून दाखवलं. ते ऐकता ऐकताच उठले. आयसीयूत जाऊन स्वतः पट्टी काढली, विजेरी धरून बघितलं. मग मला विचारलं, भाजल्याचा चटका म्हणून कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, मी. ते वळून नर्सला नवं औषध सांगू लागले. नर्ससमोर मला बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या आजाराचं नाव स्क्रब टायफस. गवतात, झुडपात डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक कीड असते, तिची पिल्लं चावतात. चावलेलं कळतही नाही. करगोट्याखाली, काखेत, जांघेत, जिथे कपडा घट्ट बसतो तिथे धरतात. चाव्यातून जिवाणू आत जातो आणि चावल्या जागी अशी काळी खपली धरते. ती खपली हीच त्या आजाराची खूण, आणि त्या खुणेवर मी माझ्या हाताने पट्टी बांधून ठेवली होती. इतके दिवस सलाईनमधून जी भारी औषधं गेली ती या जिवाणूला लागतच नाहीत. तो पेशींच्या आत लपतो. त्याला लागतं ते डॉक्सीसायक्लिन, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं साधं औषध. रक्त तपासायला पाठवलं, पण त्याची वाट न बघता त्यांनी ते लगेच चालू केलं. धडधाकट माणूस यातून बराच वेळा निभावतो. केमोवरच्या माणसाकडे लढायला काही शिल्लक नसतं. आणखी दोन दिवस गेले असते तर औषध देऊनही उपयोग झाला नसता, असं ते म्हणाले, आणि ते मला ऐकवायला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. काल त्याने चहा मागितला. आज लघवी सुधारली आहे. तपासणीचा कागदही आला, तोच आजार निघाला.

भागीला हे पत्र मिळताक्षणी आरोग्य केंद्रात न्या. काखेतली खपली दाखवा, आजाराचं नाव सांगा, हे औषध मागा. ती नाही म्हणाली तर उचलून न्या. तुम्हीही कपडे काढून सगळं अंग बघा.

व्हिडिओ काढायला लावला आहे. ज्यांनी टाकला त्यांच्याकडूनच चुकीची कबुली टाकून घेतली. आधी कुरकुरले, म्हणाले, भगत तो भगतच. मी म्हटलं, मग माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन खोटं पसरवल्याची तक्रार मी करते. नवशाकाकांकडे मी स्वतः जाईन. ते तोंड फिरवून बसले तर बसतील.

आता तुमचं माझं. तुम्ही मला खोटं लिहिलंत, ते मी डॉक्टरांपुढे खरं म्हणून ठेवलं. मी खोटं बोलले ते वेगळं, ते माझ्यापाशी आहे, त्यात तुम्हाला वाटेकरी करून घ्यायची नाही. तुम्ही आभाराची वाट बघत असाल तर बघू नका.

एक काम मात्र तुम्हालाच करावं लागणार आहे. केमो अजून उन्हाळ्यापर्यंत चालेल. तोवर शेत नाही, गवत नाही, गोठा नाही. डॉक्टरांनी त्याच्या खाटेशी बसून सांगितलं, पुन्हा असं काही झालं तर हे शरीर पेलणार नाही. त्याने मान डोलावली. ते गेल्यावर मला म्हणतो, बरा झालो की आक्काकडे चार दिवस, नागली खळ्यावर येईल आता. मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. त्याच्या दृष्टीने मी पहिल्यापासून त्याला तुमच्यापासून तोडणारी आहे. माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकतो. त्याला नको म्हणा. आजवर जमलं नसेल तुम्हाला. आता जमवा.

नीता


खोडाळा,
९ नोव्हेंबर

नीता,

भागीला नेलं. जीपमध्ये घालून, तिची सून आणि मी, दोघींनी धरून. खपली दाखवली, तुझ्या पत्रावरचं नाव वाचून दाखवलं. डॉक्टर पोरगी तरुण होती, तिने लगेच ओळखलं. औषध घेतलं आणि आज भागी चुलीपुढे बसून सुनेला शिव्या देतेय, म्हणजे बरी आहे. मी सगळं अंग बघितलं. माझ्या अंगावर काही नाही. मला चावून किडाही मेला असेल असं तू म्हणशील, म्हण.

आभाराची वाट मी बघत नाही. तुझ्याकडून चांगला शब्द आला असता तर मला घाबरायला झालं असतं.

तू म्हणतेस, नको म्हणा. काल तुषारचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलाय. म्हणाला, “आक्का, मी बरा हाय.” मी तयारी करून बसले होते. काय बोलायचं ते ठरवलं होतं, भागीला म्हणूनसुद्धा दाखवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं माहीत आहे? “येशील ना रे?” असं पडलं. फोन ठेवला आणि मी माझ्याच तोंडावर मारून घेतलं.

म्हणजे तू लिहिलंस ते खरं आहे. मला त्याला नाही म्हणता येत नाही. आई गेली तेव्हा तो माझ्या पाठुंगळी होता, मी आठ वर्षांची. तेव्हापासून नाही म्हणायची सवयच नाही. आता या वयात कुठून आणू?

तर असं कर. तूच सांग. सांग की आक्काने दार बंद केलंय. सांग की त्याच्यापायी नवशाकाकाची अब्रू गेली, गावात तिला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आता मला भाऊ नाही असं ती म्हणाली. चांगलं खवचट करून सांग, तुला ते येतं. मी त्याचा फोन उचलणार नाही. मोबाईल भागीकडे ठेवते, तिला वाजलेला ऐकू येऊ दे. तो रागावेल, रुसेल, पण यायचा नाही. मानी आहे, बापावर गेलाय. दार बंद म्हटल्यावर उंबऱ्यापर्यंत यायचा नाही.

माझं नाव वाईट झालं तर होऊ दे. तुझ्या तोंडून गेली इतकी वर्षं होतच आलंय.

केमो पुरी झाली की मीच जव्हारला येईन आणि त्याच्या हातच्या दोन थोबाडीत खाईन. तोवर त्याला जगव. तुझ्यावर विश्वास नाही, पण तुझ्या शिस्तीवर आहे.

नागलीचं नवं यंदा मी बाईच खळ्यावर बसून करणार. कणसरीला राग आला तर माझ्यावर येईल, त्याच्यावर नाही. तसं मी तिला सांगून ठेवलंय.

हे पत्र त्याच्या नजरेला पडू देऊ नकोस.

रंजना


जव्हार,
२४ नोव्हेंबर

रंजनाताई यांस,

आठवड्यापूर्वी आम्ही घरी आलो. तुम्ही सांगितलंत तसं त्याला सांगितलं. खवचट करायची गरज पडली नाही. साधंच सांगितलं, आक्का म्हणाल्या की आता मला भाऊ नाही.

तो हसला. मला वाटलं, नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, “आक्का असं बोलायची नाय. हे तू रचलंस.” मी म्हटलं, फोन करून बघ. त्याने केला. उचलला नाही तुम्ही. त्याने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, तिचा नंबर तू बंद केलास, आता तिच्याकडून माझा बंद करवलास, काय सांगितलंस तिला?

तुमचं पत्र माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होतं. मी उठून कपाटापर्यंत गेले. ते त्याच्या हातात दिलं असतं तर त्याच घटकेला माझ्यावरचा सगळा आळ गेला असता, आणि तो तुमच्यासाठी रडत दुपारच्या जीपने खोडाळ्याला निघाला असता. मी कपाटाचं दार लावलं. तो शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेल्यावर पत्र चुलीत घातलं.

तुम्ही वाईट व्हायला तयार झालात, रंजनाताई. पण तो तुम्हाला वाईट मानायला तयारच नाही. ती जागा मला मिळाली. हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं असा मला संशय आहे. नसलं तरी आता काही फरक पडत नाही.

तो रोज संध्याकाळी तुम्हाला फोन लावतो. पूर्ण वाजू देतो. उचलू नका. एकदासुद्धा नाही. मला कितीही शिव्या द्यायच्या असतील तर वामनकडे पत्र द्या, मी वाचेन.

नवशाकाकांकडे जाऊन आले. ते माझ्याकडे बघत होते, ऐकू आलं की नाही कळलं नाही. चहा दिला त्यांनी.

परवा केमोचा पुढचा डोस झाला. पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत. ताप नाही. ताट समोर ठेवलं की जेवतो, औषध हातावर ठेवलं की घेतो. माझ्याशी बोलत नाही.

नीता